मस्तिष्क-आघातातील रक्तक्लथनदोष

डोक्याला जबर मार बसल्यावर रक्त गोठण्याच्या क्रियेत होणारा बिघाड. मेंदूच्या ऊतीत टिश्यू फॅक्टर हे प्रथिन विपुल असते. इजा होताच ते रक्तात मिसळते व गुठळ्या होऊ लागतात. त्यांत फायब्रिनोजेन हे गुठळीस लागणारे प्रथिन आणि बिंबाणू खर्ची पडतात, उरलेले बिंबाणूही नीट काम करीत नाहीत. गुठळ्या विरघळविणारी यंत्रणाही त्याच वेळी जोर धरते. परिणामी आधी मेंदूतील रक्तस्राव वाढतो आणि पुढे अंथरुणाला खिळलेल्या त्याच रुग्णाच्या पायांच्या शिरांत गुठळ्या होण्याचा धोका उभा राहतो. उपचारांतील खरी कसोटी इथेच लागते : गुठळ्या रोखणारे हेपारिन हे औषध लवकर दिले तर रक्तस्रावाची भीती, उशिरा दिले तर गुठळी फुप्फुसात जाण्याची.

रक्त गोठण्यास अडथळा आणणाऱ्या वॉरफरिन किंवा क्लोपिडोग्रेल या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांत साधे घसरून पडणेही घातक ठरू शकते. नातेवाइकांनी या गोळ्यांची माहिती डॉक्टरांना सर्वांत आधी द्यावी.

जपानमधील उताको व शोसुके ओकामोतो या दांपत्याने शोधलेले ट्रॅनेक्सॅमिक आम्ल गुठळी विरघळू देत नाही. १२,००० हून अधिक रुग्णांवरील क्रॅश-३ चाचणीत (२०१९) ३ तासांच्या आत ते दिल्यावर सौम्य व मध्यम इजेच्या रुग्णांतील मृत्यू घटले. तीव्र इजेत तसा लाभ दिसला नाही.