लहान बोरची गोळी आणि हरणाचे मरण

२९ जुलै १८९९ रोजी हेगच्या परिषदेत एक जाहीरनामा निघाला. शरीरात शिरल्यावर पसरणारी किंवा चपटी होणारी गोळी युद्धात वापरायची नाही, असे त्यात ठरले. पुढे १९६३ मध्ये ब्रिटिश संसदेने इंग्लंड-वेल्समधल्या हरणांसाठी कायदा केला आणि त्यात नेमके उलटे लिहिले : हरणावर झाडायची रायफलची गोळी मऊ नाकाची किंवा पोकळ नाकाची, म्हणजे पसरणारीच, हवी. दोन्ही नियमांना एकच गोष्ट साधायची होती, ती म्हणजे यातना कमी करणे. सैनिक जखमी होऊन लढाईतून बाजूला झाला की काम भागते, मग त्याचे हाल वाढवायचे कशाला? हरणाचे तसे नाही. ते जखमी होऊन झाडीत पळाले, तर तिथे तासन्‌तास तडफडत राहते. या दोन नियमांच्या मधल्या काळात शिकारी रायफलीचा बोर, म्हणजे नळीच्या आतला व्यास, लहान होत गेला आणि अशा बारीक गोळीने हरीण मारावे की नाही, यावर मोठा वाद झाला. तो बहुतेक व्यास, वजन आणि वेग या आकड्यांवरच झाला. पुरावा पाहता मला वाटते, की हे आकडे दुय्यम होते. हरीण जागच्या जागी कोसळते की घायाळ होऊन भटकते, हे मुख्यतः गोळीच्या घडणीवरून ठरते, आणि शिकाऱ्यांना ते उमगायला अर्धे शतक लागले.

काळ्या दारूच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता. त्या दारूने गोळीला वेग फारसा मिळत नसे, त्यामुळे मारा वाढवायचा तर शिसे वाढवणे हाच मार्ग होता. ब्रिटिश फौजेच्या मार्टिनी-हेन्री रायफलची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची होती आणि नळीचा बोर साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. सातपुड्याच्या जंगलांत हिंडलेल्या जेम्स फोर्सिथने १८६३ मध्ये शिकारी रायफलींवर पुस्तक लिहिले, त्यातही मोठ्या बोरच्या वाटोळ्या गोळ्याचाच पुरस्कार आहे. मऊ शिशाचा एवढा जाड गोळा हरणात शिरला की आपोआप चपटा होई आणि रुंद जखम करी. मग १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने बिनधुराची दारू केली आणि वेग एकदम वाढला. त्या वेगाला उघडे शिसे टिकेना, ते नळीतल्या आट्यांना चिकटून राही. त्यावरचा तोडगा स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने आधीच, १८८२ मध्ये, काढून ठेवला होता : शिशावर कठीण धातूचे कवच. नळीची अडचण मिटली, पण कवचाने शिशाचे पसरणेही बंद पाडले. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेत ब्रिटिशांची .३०३ ची कवचबंद गोळी माणसाच्या आरपार जाई आणि तो तरीही चालून येई, अशी तक्रार झाली. तेव्हा कलकत्त्याजवळच्या डमडम शस्त्रागारात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकावरचे कवच कमी करून शिसे उघडे ठेवले. हेगचा जाहीरनामा निघाला तो या आणि अशाच गोळ्यांमुळे. शिकाऱ्यांना मात्र त्यातून हवी ती युक्ती मिळाली होती.

अमेरिकेत १८९५ मध्ये विंचेस्टरने .३०-३० हे काडतूस बाजारात आणले. आज ३० चा बोर मध्यम मानतात, तेव्हा तो बारीक होता. जुन्या शिकाऱ्यांना त्यावर भरवसा नव्हता, पण त्याची मऊ नाकाची गोळी त्या बेताच्या वेगाला जुळलेली होती. पांढऱ्या शेपटीच्या हरणात ती सावकाश उमलत खोल जाई. व्यास घटूनही काम बिघडले नाही, हा माझा पहिला पुरावा. गडबड पुढे झाली. चार्ल्स न्यूटनने १९१२ मध्ये सॅव्हेज कंपनीसाठी .२२ हाय-पॉवर आणि १९१५ मध्ये .२५० चे काडतूस तयार केले. दुसऱ्यासाठी न्यूटनला १०० ग्रेनची गोळी हवी होती. कंपनीने ८७ ग्रेनची घेतली, कारण तिने सेकंदाला ३००० फूट वेग गाठता येत होता आणि तो आकडा काडतुसाच्या नावातच घालता येणार होता. जाहिरातीच्या सोयीने गोळी निवडली गेल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. वेगाचे वेड १९३५ मध्ये .२२० स्विफ्टने कळसाला नेले. ४८ ग्रेनची, म्हणजे जेमतेम ३ ग्रॅमची गोळी सेकंदाला ४००० फुटांहून अधिक वेगाने सुटू लागली. छोट्या उपद्रवी प्राण्यांसाठी घडवलेली ही पातळ कवचाची गोळी हरणाच्या बरगड्यांतून आत गेली, तर ते जागीच कोसळे. तीच खांद्याच्या हाडावर बसली, तर वरच फुटून भुगा होई आणि हरीण उथळ, भयंकर जखम घेऊन निघून जाई. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी हरणासाठी २२ चा बोर वर्ज्य केला, तो अशाच अनुभवांमुळे.

यावर नेमबाज म्हणतील, की सारा खेळ नेमाचा आहे. हॅरी कॉल्डवेल या मिशनऱ्याने चीनमध्ये .२२ हाय-पॉवरने वाघ मारले, हत्तींचा शिकारी बेल याने ७ मिलिमीटरच्या रायफलीने हत्ती मारले. हे खरे आहे. पण बेलने हत्तीसाठी निवडलेली गोळी पूर्ण कवचाची होती, कवटीचे जाड हाड भेदून मेंदूपर्यंत सरळ जाणारी. म्हणजे त्याच्या यशातही घडणीचा वाटा होताच. तीच गोळी हरणाच्या छातीतून गेली, तर दोन्ही बाजूंना बारीक भोके पाडून निघून जाईल. शिवाय हत्तीच्या शिकाऱ्याचा नेम गृहीत धरून सगळ्यांसाठी गोळी ठरवता येत नाही. हरीण ऐन वेळी पाऊल टाकते आणि नेम चार बोटे सरकतो. त्या चार बोटांची चूक सांभाळून घेणे हे चांगल्या गोळीचे काम आहे.

१९५५ मध्ये याच प्रश्नाची मोठी परीक्षा झाली. विंचेस्टरचे .२४३ आणि रेमिंग्टनचे .२४४ ही दोन काडतुसे त्या वर्षी आली. नावात फरक असला तरी दोन्ही गोळ्यांचा व्यास एकच होता. फरक होता नळीतल्या आट्यांच्या पिळात. विंचेस्टरच्या नळीत गोळी १० इंचांत एक फेरा घेई, रेमिंग्टनच्या नळीत १२ इंचांत. गोळी जितकी लांब, तितकी ती स्थिर ठेवायला जास्त गरगर लागते. त्यामुळे विंचेस्टरला १०० ग्रेनची लांब गोळी पेलली आणि रेमिंग्टनने ७५ व ९० ग्रेनच्या गोळ्या दिल्या. ९० ग्रेनची गोळी हरणासाठीच घडवलेली होती. तरी गिऱ्हाइकाने १०० चा आकडा पाहिला आणि .२४३ उचलले. १९६३ मध्ये रेमिंग्टनने तेच काडतूस ६ मिलिमीटर या नावाने, ९ इंचांच्या पिळासह पुन्हा आणले, पण तोवर बाजार गेला होता. दहा ग्रेन म्हणजे ग्रॅमचे दोन तृतीयांशही नव्हेत. तेवढ्या फरकावर एका उत्तम काडतुसाचे नशीब फिरले.

खरा उलगडा त्याआधीच झाला होता, तोही मध्यम बोरच्या रायफलीत. १९४६ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लरची .३०० मॅग्नमची गोळी चिखलाने माखलेल्या मूस या हरणाच्या अंगावर लवकर फुटली आणि आत पोचलीच नाही. त्याने नवी गोळी घडवली, ती पार्टिशन या नावाने १९४८ पासून विक्रीला आली. ती उभी कापून पाहिली तर कवचाच्या मध्येच धातूचा एक आडवा पडदा दिसतो. पडद्यापुढचे शिसे उमलून रुंद होते आणि मागचे तसेच राहून गोळीला आत ढकलत नेते. अशा घडणीची बारीक गोळी पातळ कवचाच्या जाड गोळीपेक्षा भरवशाची ठरते.

शिकारच वाईट, मग गोळीची चर्चा कशाला, असे आपल्याकडचा वाचक म्हणेल. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे हा प्रश्न उरलेला नाही, आणि ते चांगलेच झाले. पण स्कॉटलंडमध्ये लांडगे केव्हाच संपले आहेत, हरणांचे कळप नवी झाडे वाढू देत नाहीत, आणि ते कमी करण्याचे काम रायफलीनेच होते. मारायचेच असेल, तर कसे मारतो याची जबाबदारी टळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : कायद्याला घडण मोजता येत नाही, त्याला आकडाच लागतो. १९६३ च्या कायद्याने .२४० इंचांचा किमान व्यास आणि १७०० फूट-पौंडांची ऊर्जा ठरवली. स्कॉटलंडच्या १९८५ च्या आदेशाने ठरावीक रीतीने पसरणारी गोळी मागितली आणि रो जातीची लहान हरणे सोडून इतरांसाठी किमान १०० ग्रेन वजनही घातले. शिशाच्या काळात तो आकडा रास्तच होता. पण शिकारीच्या अवशेषांतले शिसे खाऊन गिधाडे मरतात हे कळल्यावर तांब्याच्या गोळ्या आल्या. कॅलिफोर्नियाने तर २०१९ पासून सर्व शिकारीतून शिसे हद्दपार केले. तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून १०० ग्रेनची तांब्याची गोळी लांब होते आणि .२४३ च्या १० इंची पिळात ती नीट स्थिर राहत नाही. १९५५ मध्ये रेमिंग्टनला नडलेली अडचण आता विंचेस्टरच्या दारात आली. हरणात शिरल्यावर तांब्याच्या गोळीचे टोक पाकळ्यांसारखे उलगडते आणि तिचे वजन जवळपास सगळे टिकते, म्हणून ८० ग्रेनची तांब्याची गोळी पुरेशी खोल जाते. २०२३ मध्ये स्कॉटलंडने किमान वजन १०० वरून ८० ग्रेनवर आणले, आणि गोळी पसरणारी असावी ही अट तशीच ठेवली.