ओळख कोणी पटवायची?

मतदाराने मतदान केंद्रावर आपली ओळख पटवावी, ही मागणी वरवर पाहता इतकी साधी आहे की, तिच्याविषयी शंका घेणारा माणूस बोगस मतदारांचाच पाठीराखा वाटावा. परंतु आपल्या देशातील मताधिकाराचा इतिहास तपासला तर खरा वाद ओझ्याचा आहे, हे ध्यानात येते. ओळख पटवण्याचे ओझे शासनाने वाहायचे की नागरिकाने? ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या सातबारा नव्हता आणि शाळेचा दाखलाही नव्हता, त्यांना हा प्रश्न टाळता येणार नाही.

ब्रिटिश अमदानीत मत मिळे ते शेतसारा, प्राप्तिकर किंवा शिक्षण यांच्या पुराव्यावर. २७ जानेवारी १९१९ रोजी बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे साक्ष देताना अस्पृश्यांसाठी मताधिकाराच्या अटी सैल करण्याची मागणी केली. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी सरळ प्रौढ मताधिकारच मागितला. तरीही १९३५ च्या कायद्याने लोकसंख्येच्या साधारण सातव्या हिश्श्यालाच मत दिले. गावकुसाबाहेरचा माणूस जगत होता, राबत होता, गावाची घाण उपसत होता. मतदार म्हणून मात्र तो नव्हताच. कारण त्याच्यापाशी कागद नव्हता.

संविधानाच्या ३२६ व्या कलमाने हे ओझे उलटे केले. जून १९४९ मध्ये घटना समितीत निवडणूक आयोगाच्या कलमावर बोलताना बाबासाहेबांनी एक तक्रार सभागृहापुढे ठेवली होती. काही प्रांतांत वंशाने, संस्कृतीने वा भाषेने परक्या असलेल्या लोकांची नावे मतदार यादीत येऊच नयेत, अशी तजवीज चालली होती. प्रांतिक सरकारच्या पूर्वग्रहामुळे किंवा अधिकाऱ्याच्या लहरीमुळे पात्र माणूस वगळला जाऊ नये, म्हणून हे काम स्वतंत्र आयोगाकडे सोपवावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आयोगाच्या जन्मामागे वगळले जाण्याची ही भीती होती, हे आज पुष्कळांच्या विस्मरणात गेले आहे.

पहिल्या निवडणुकीसाठी १७ कोटींहून अधिक मतदारांची यादी तयार झाली. ती करण्यासाठी सरकारी माणूस दारोदार हिंडला. तरीसुद्धा सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. त्या बाया खऱ्या होत्या, गावाला ठाऊक होत्या. पण शासनाला हवी होती तशी ओळख त्यांना देता आली नाही.

पुढे १९६१ च्या नियमांनीही मतदारावर विश्वास ठेवला. केंद्रावर कोणाच्या ओळखीविषयी हरकत घ्यायची तर हरकत घेणाऱ्यानेच दोन रुपये अनामत भरायचे आणि हरकतीचा पुरावा त्याच्याकडेच मागायचा, अशी तरतूद झाली.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बोगस मतदानाचा पहिला बळी आपलाच माणूस ठरत आला आहे. ‘तुझे मत पडले, जा घरी’ असे म्हणून वस्तीतल्या मजुराला हाकलून देणारे कोण होते, हे सांगायला नको. १९९३ साली मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी छायाचित्र ओळखपत्राचा आग्रह धरला, तो या गुंडगिरीला आळा घालण्यासाठी. ओळखपत्रे दिली नाहीत तर १ जानेवारी १९९५ नंतर निवडणुकाच घेणार नाही, असे त्यांनी सरकारांना बजावले. धाक सरकारला होता. शासनाने स्वतः काढून हाती दिलेले असे ओळखपत्र दुबळ्याची ढाल होऊ शकते.

२०२५ साली बिहारमध्ये हे गणित फिरले. २००३ च्या यादीत नाव नसलेल्यांकडे ११ कागदांपैकी एक मागण्यात आला. त्यात मॅट्रिकचे प्रमाणपत्र होते, पासपोर्ट होता. आधार नव्हते, रेशनकार्ड नव्हते, आणि आयोगाने स्वतः दिलेले मतदार ओळखपत्रही नव्हते! १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे कमी झाली. मृत्यू, स्थलांतर, दुबार नोंद ही कारणे आयोगाने सांगितली. वगळलेली नावे कारणांसह जाहीर करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्टला द्यावा लागला. ८ सप्टेंबरच्या आदेशाने आधार हा बारावा कागद झाला. मृतांची नावे काढलीच पाहिजेत. पण पोटासाठी परमुलखात गेलेला मजूर ‘स्थलांतरित’ ठरतो, तेव्हा त्याच्या बाजूने बोलायला दारात कोण असते?

म्हणून ओळखपत्राला आंधळा विरोध नको आणि आंधळा होकारही नको. आपली मागणी नेमकी असावी. नाव शोधण्याची आणि नाव वगळण्याचे कारण सिद्ध करण्याची जबाबदारी शासनाची आहे. आणि कार्यकर्त्यांनी प्रारूप यादी हाती येताच ती विहारात, समाजमंदिरात मोठ्याने वाचावी. ऊसतोडीला गेलेल्यांची, वीटभट्टीवर गेलेल्यांची नावे तीत आहेत की नाहीत ते पाहावे. हरकतीची मुदत थोडी असते.