नागपूरकरांचा समुद्र

दिवाळीनंतर गाडी काढून समुद्रावर जायचं ठरलं, तेव्हा मुलाने कोकणाचा नकाशा उघडला. मी म्हटलं, "अरे, आपला समुद्र तिकडे नाही. पूर्वेला आहे." तो बघतच राहिला. आम्ही महालातले, भोसल्यांच्या गावातले. 'अटक ते कटक' सगळ्यांना पाठ असतं. पण त्यातलं कटक नागपूरच्या फौजांचं, हे आमच्याच घरात सांगावं लागतं याची मला खंत वाटते.

१७५१ मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने रघूजी भोसल्यांशी तह केला. ओडिशाचा महसूल नागपूरकरांकडे आला, शिवाय बंगालच्या चौथाईचे वर्षाला १२ लाख रुपये. त्याआधीच्या स्वाऱ्यांनी बंगालची गावं होरपळली होती. बारगीर या आपल्या शब्दाचा तिकडे 'बर्गी' झाला आणि तो अंगाईत जाऊन बसला. मुलाला तेही सांगितलं; नुसता विजय सांगून कसं चालेल?

वाट तशी सोपी. भंडारा, रायपूर, संबळपूर, कटक. साकोलीच्या आसपास नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल, पुढे सालाची झाडं, मग महानदी. भिलाई-रायपूरकडे लोक अजून 'जी. ई. रोड' म्हणतात, म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड. नावातच दिशा आहे.

पुरीला मला दाखवायचाय तो सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ. काळसर दगडाचा, सोळा पैलूंचा, वर हात जोडून बसलेला सूर्याचा सारथी. हा मुळात कोणार्कचा. तिथल्या देवळात पूजा उरली नव्हती, तेव्हा अठराव्या शतकात, मराठी अंमलात, तो जगन्नाथापुढे आणून उभा केला. मागच्या खेपेला मी त्याच्या तळाशी बराच वेळ उभा होतो. भोवती गर्दी ओडिया बोलत होती आणि मला मात्र गावाकडचं कुणी भेटल्यासारखं वाटत होतं.

हा किनारा गेला तोही रस्त्यापायीच. कलकत्ता आणि मद्रास यांच्यामध्ये कंपनीला सलग जमीन हवी होती, आणि मध्ये आडवे होते भोसले. ऑक्टोबर १८०३ मध्ये कटकचा बाराबती किल्ला पडला. नोव्हेंबरात अडगावची लढाई हरली, डिसेंबरात गाविलगड गेला आणि १७ डिसेंबरला देवगावच्या तहात दुसऱ्या रघूजींनी बालेश्वर बंदरासह सगळा कटक प्रांत लिहून दिला. बावन्न वर्षांचा समुद्र संपला.

आता पुरी ते कोणार्क पस्तीसेक किलोमीटरचा किनारी रस्ता आहे. बालूखंड-कोणार्क अभयारण्यातून जातो. वाळूत सुरूची झाडं, त्यांच्याखाली चितळ, आणि पलीकडे लाटांचा आवाज. तो सकाळीच करायचा, उन्हं चढायच्या आत.

मुलाने पेन्सिलीने मुक्काम लिहिले. कटकला त्याने एक रात्र धरली होती. मी दोन करून घेतल्या. बाराबतीचा खंदक आणि दरवाजा अजून शाबूत आहेत.