मुस्तफाची अक्षरं: आठ बाय आठ चौकटींचा इतिहास

(भागाचं लिखित रूप. बोलतानाचा सूर शक्यतो तसाच ठेवलाय.)

आजचा भाग ऐकायला बसताना जमलं तर गणिताची चौकटीची वही आणि पेन्सिल जवळ ठेवा. गाडी चालवत असाल तर नको, नंतर काढा.

सुरुवात माझ्या मामापासून. मामा सांगलीचा, शाळेत असताना एस.टी. स्टँडजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपया-रुपया घालवलेला माणूस. त्याचा खेळ एकच, ‘मुस्तफा’. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना तो मीम्समधून माहीत असेल. खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कंपनी जपानची कॅपकॉम, साल १९९३. चार हिरोंपैकी एकाचं नाव मुस्तफा कैरो, आणि आपल्याकडे सगळा खेळच त्याच्या नावाने ओळखला गेला.

मामाच्या वाढदिवसाला म्हणून मी त्या खेळातल्या अक्षरांचा फॉन्ट करायचं ठरवलं. फोनवर एम्युलेटर, त्यावर स्क्रीनशॉट, मग एकेक पिक्सेल मोजून तसाच्या तसा उतरवायचा. चार संध्याकाळी गेल्या. त्या फॉन्टमध्ये मामाचं नाव लिहून पाठवलं. मामाचं उत्तर: ‘छान आहे रे. पण असं नव्हतं दिसत. अक्षरं एवढी पसरट नव्हती.’

मला राग आला, खरं सांगतो. पिक्सेल मोजून काढलेत, एकही इकडचा तिकडे नाही, आणि हा म्हणतो असं नव्हतं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची आठवण खरी की माझ्या समोरचा डेटा खरा? त्या भांडणातूनच आजचा भाग निघाला. मामाकडे परत येऊच, पण त्याआधी १९७६ मध्ये जाऊ.

त्या वर्षी अमेरिकेत अटारीच्या घरातून, म्हणजे तिच्याच की गेम्स ह्या कंपनीकडून, ‘क्विझ शो’ नावाचा खेळ आला. नावावरूनच कळतं, प्रश्नोत्तरांचा खेळ. म्हणजे पडद्यावर भरपूर मजकूर हवा. तोवरच्या खेळांत आकडे आणि दोन-चार शब्द असले की भागायचं. इथे वाक्यं वाचायची होती, म्हणून अक्षरं नीट काढावी लागली. तोशी ओमागारी ह्या जपानी अक्षररचनाकाराने जुन्या आर्केड खेळांतले दोनशेहून जास्त फॉन्ट गोळा करून २०१९ मध्ये त्यांच्यावर एक पुस्तक काढलं. ह्या सगळ्या वंशावळीचं मूळ तो ‘क्विझ शो’पर्यंत नेतो, आणि त्या अक्षरांचं श्रेय अटारीच्या लायल रेन्स ह्या इंजिनिअरला देतो.

आता वही काढा. आठ बाय आठ चौकटींचा एक चौरस आखा. आपण इंग्रजी कॅपिटल ‘ए’ काढतोय.

पहिली ओळ: दोन घरं सोडा, तीन भरा, तीन सोडा. दुसरी: एक सोडा, दोन भरा, एक सोडा, दोन भरा, दोन सोडा. तिसरी: दोन भरा, तीन सोडा, दोन भरा, एक सोडा. चौथी तिसरीसारखीच. पाचवी: सात भरा, एक सोडा. सहावी आणि सातवी पुन्हा तिसरीसारख्या. आठवी पूर्ण रिकामी.

वही जरा लांब धरून बघा. ओळखीचा वाटला ना? पॅक-मॅन, गॅलॅगा, डिग डग, सगळीकडे हाच ‘ए’.

आता दोन गोष्टी बघा. एक, उजवीकडची एक उभी रांग आणि खालची एक आडवी ओळ रिकामी आहे. म्हणजे अक्षर खरं सात बाय सातचं, उरलेली जागा शेजारच्या अक्षराला चिकटू नये म्हणून. दोन, उभ्या रेघा दोन घरं जाड आहेत आणि आडव्या एकच घर. ही काही नुसती स्टाईल नव्हे. जुन्या काचेच्या ट्यूबवर चित्र आडव्या रेषांनी काढलं जायचं. त्या रेषेवरून धावणाऱ्या किरणाला एका पिक्सेलपुरतं चालू होऊन लगेच बंद व्हायचं, तर ते टिंब फिकट पडायचं, रंगीत पडद्यावर त्याचा रंगही बिघडायचा. दोन पिक्सेल सलग दिले की रेघ ठसठशीत. आडवी रेघ मुळात लांब, तिला एक ओळ पुरते.

कॉम्प्युटरच्या दृष्टीने आत्ता काढलेली प्रत्येक ओळ म्हणजे एक बाइट. भरलेलं घर एक, रिकामं घर शून्य. अख्खा ‘ए’ म्हणजे हे आठ आकडे: ५६, १०८, १९८, १९८, २५४, १९८, १९८, ०. सव्वीस अक्षरं आणि दहा अंक मिळून २८८ बाइट. तुमच्या फोनने काढलेल्या एका फोटोच्या जागेत असे हजारो फॉन्ट मावतील.

ही अक्षरं अमेरिकेतून जपानला कशी गेली? नॅमकोने १९७४ मध्ये अटारीची जपानमधली शाखा विकत घेतली होती, आणि अटारीचे खेळ तिथे नॅमकोच विकत होती. म्हणजे ती यंत्रं त्यांच्या हाताखालची होती. पुढे १९७९ चा ‘गॅलॅक्सियन’, १९८० चा ‘पॅक-मॅन’, ह्यांत तोच साचा थोड्याफार फरकाने दिसतो. मग इतर जपानी कंपन्यांनीही तो उचलला. परवानगी, पैसे, करार असलं काही नाही. एकाने काढलं, दुसऱ्याने बघून काढलं. कायद्याने फारसं अडलंही नसतं: अमेरिकेत अक्षरांच्या आकारावर कॉपीराइट मिळत नाही, हे १९७८ च्या एल्ट्रा विरुद्ध रिंगर खटल्यात स्पष्ट झालं होतं. फॉन्टची फाइल, म्हणजे प्रोग्राम, ही वेगळी गोष्ट. तिला संरक्षण असतं. म्हणून आजही लोक ह्या अक्षरांचे फॉन्ट करतात तेव्हा बघून नव्याने काढतात. त्यातला सगळ्यात पसरलेला ‘प्रेस स्टार्ट टू पी’, कोडमॅन३८ ह्या टोपणनावाच्या माणसाचा. नॅमकोच्या ऐंशीच्या दशकातल्या अक्षरांवरून काढलेला, फुकट आणि खुल्या परवान्याचा. यूट्यूबवर ‘रेट्रो’ म्हणून जे जे दिसतं त्यातलं निम्मं तरी ह्याच फॉन्टमध्ये असावं, असा माझा आपला अंदाज.

पॅक-मॅनच्या यंत्रात अक्षरं नेमकी कशी बसायची ते थोडं सांगतो, कारण पुढची गंमत त्यावर आहे. पडदा २२४ बाय २८८ पिक्सेलचा, आठ-आठच्या फरशांनी भरलेला: आडव्या २८, उभ्या ३६. अगदी घरातल्या लादीसारखा. चिपमध्ये २५६ प्रकारच्या फरश्या साठवलेल्या. त्यांत भिंतीचे तुकडे आहेत, खायचे ठिपके आहेत, आणि अक्षरंही आहेत. यंत्राला ‘ए’ आणि भिंत ह्यांत फरक कळत नाही, दोन्ही फरश्याच.

म्हणून २५६ व्या पातळीवर जे होतं ते होतं. पातळी मोजणारा आकडा एका बाइटमध्ये, म्हणजे जास्तीत जास्त २५५. त्यापुढे गेला की शून्य. खाली कोपऱ्यात फळं काढणारा प्रोग्राम ह्या शून्याने गोंधळतो, सात फळं काढायच्या ऐवजी २५६ काढत सुटतो, आणि फळांची यादी संपली तरी पुढची मेमरी फळं समजून वाचतो. पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरं, आकडे आणि भिंतीच्या तुकड्यांनी भरून जातो. तिथून पुढे खेळ नाहीच. फॉन्टवाल्यांसाठी मात्र ते चित्र भारी आहे: फरश्यांचं गोदाम फुटून रस्त्यावर आल्यासारखं.

आता माझा सगळ्यात आवडता किस्सा. ‘स्पेस इनव्हेडर्स’, १९७८, टायटो कंपनी, रचनाकार तोमोहिरो निशिकादो. इथे फरश्यांची भानगड नाही. पडद्याचा प्रत्येक पिक्सेल मेमरीत एक बिट, सगळा पडदा सात किलोबाइटमध्ये. ट्यूब कॅबिनेटमध्ये आडवी न ठेवता उभी फिरवून बसवलेली. म्हणून चिपमधली अक्षरं बाहेर काढली तर सगळी कुशीवर झोपलेली सापडतात. पहिल्यांदा बघितल्यावर मला वाटलं माझी फाइलच खराब आहे. फिरवल्यावर ओळखीची अक्षरं दिसली, आणि त्यांत एक जादा ऐवज सापडला: उलटा ‘वाय’.

कशाला? कोणी खेळत नसताना पडद्यावर ‘प्ले’ हा शब्द उमटतो, त्यातला ‘वाय’ डोक्यावर उभा असतो. मग एक एलियन चालत येतो, तो उलटा ‘वाय’ ओढून नेतो आणि सरळ ‘वाय’ ढकलत आणतो. नंतर ‘इन्सर्ट कॉइन’मध्ये एक ‘सी’ जास्त पडलेला असतो, तो दुसरा एलियन गोळी घालून उडवतो. एकेक बाइट मोजून वापरायच्या दिवसांत त्या माणसाने एका विनोदासाठी आठ बाइट खर्च केले. उलट्या ‘वाय’शिवाय ‘स्पेस इनव्हेडर्स’चा फॉन्ट कोणी केला तर मी तो अपुरा धरतो.

ही झोपलेली अक्षरं आपल्या हाताला लागतात ती मुख्यतः मेममुळे. मीम नव्हे, मेम: आर्केड यंत्रांची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम. निकोला साल्मोरिया ह्या इटालियन माणसाने १९९७ मध्ये पहिली आवृत्ती काढली, नंतर जगभरच्या लोकांनी वाढवली. त्यात एफ-४ दाबलं की खेळाच्या चिपमधल्या सगळ्या फरश्या समोर मांडल्या जातात. स्क्रीनशॉटवरून मोजायची गरजच नाही. मला हे चार संध्याकाळी घालवल्यानंतर कळलं.

पण फरश्या बघूनही माझं आणि मामाचं भांडण मिटलं नाही. चिपमधली अक्षरं माझ्या फॉन्टसारखीच होती, तेवढीच पसरट. मी जिंकलो म्हणायचा, तेवढ्यात त्या बोर्डाची माहिती वाचली. कॅपकॉमच्या ह्या बोर्डचा पडदा ३८४ बाय २२४ पिक्सेलचा. आणि ट्यूब? जुन्या टीव्हीसारखीच, चारास तीन. आकडेमोड करा. ३८४ ला २२४ ने भागलं तर येतात एक पूर्णांक सात दशांश, आणि ट्यूबचं गुणोत्तर एक पूर्णांक तीन दशांश. जागा कमी, पिक्सेल जास्त. म्हणजे आडवे पिक्सेल दाबून बसवलेले. त्या ट्यूबवरचा एक पिक्सेल चौरस नव्हताच, तो उभा आयत होता. उंची नऊ असेल तर रुंदी सात.

कॅपकॉमच्या चित्रकारांना हे माहीत होतं. पडद्यावर दाबलं जाणार म्हणून ते फरशीवर थोडं रुंदच काढायचे. आपल्या फोनचे पिक्सेल चौरस, म्हणून तिथे तेच अक्षर सव्वापटीहून जास्त फुगतं. डेटा खरा होता, पण तो अर्धाच. उरलेला अर्धा त्या काचेत होता, आणि ती काच मामाने पाहिलेली, मी नाही.

मामाला फोन केला. ‘मी काय म्हणत होतो?’ एवढंच बोलला.

मग फॉन्टफोर्जमध्ये पुन्हा बसलो. अक्षराची उंची हजार एकक धरली की आठ ओळींत प्रत्येक चौकट १२५ उंच. रुंदी १२५ ची ९७ केली. शंभरेक अक्षरं आणि चिन्हं होती, सगळी परत. ट्यूबवर चौकटींचे कोपरे थोडे विरघळायचे, कडा गोल दिसायच्या. ते करायच्या नादी लागलो नाही. काचेची चमक फॉन्टमध्ये ओतायला गेलं की ते चित्र होतं, अक्षर उरत नाही. ह्यावर लोकांची मतं वेगळी आहेत, माझं हे आहे.

मध्ये एक रात्र दुसऱ्याच उद्योगात गेली. मामाचं नाव मराठीत लिहावं असं वाटलं. ‘प्रेस स्टार्ट’मध्येही देवनागरी नाही, तेव्हा आपणच काढू. आठ ओळींतली एक शिरोरेघेला. वरच्या वेलांटीला दोन. खालच्या उकाराला दोन. अक्षराच्या अंगाला उरल्या तीन ओळी. तीन ओळींत ‘क’ काढून बघा, मुंगी दिसते. ‘श्री’चं तर विचारूच नका. जपान्यांचीही हीच अडचण होती: काताकाना आठात बसते, कांजीला सोळा बाय सोळा लागतात. सुरुवातीच्या फॅमिकॉम खेळांत तर काही अक्षरांवरचे दोन छोटे फटकारे वरच्या वेगळ्या फरशीत ठेवलेले असत. आपल्याकडे पडद्यावर भारतीय लिप्या आणायचं काम आयआयटी कानपूरमध्ये झालं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमधून ‘जिस्ट’ म्हणून लोकांपर्यंत गेलं, तेव्हा त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये वेगळं कार्ड बसवावं लागे. आठ बाय आठचा नाद मी सोडला. सोळात देवनागरी बऱ्यापैकी बसते. चालू आहे काम.

फॉन्टची फाइल बंद करताना एक रकाना येतो: रचनाकाराचं नाव. माझं नाव टाइप केलं, मग पुसलं. त्या काळी कॅपकॉमच्या खेळांच्या शेवटी कलाकारांची टोपणनावं यायची, आणि अक्षरं काढणाऱ्याचा वेगळा उल्लेख नसायचाच. शेवटी तिथे कंपनी आणि साल लिहिलं, आणि खाली टिपेत ‘पुन्हा काढलं’ म्हणून माझं.

नवी फाइल मामाला पाठवली. ह्या वेळी पंधरा मिनिटं काही आलं नाही, वर ‘टायपिंग’ दिसून परत जायचं. मग आलं: ‘आता बरोबर. पण आकडे पिवळे होते.’