अडखळत्या इंजिनाचे निदान : भिंगार छावणीतील एका कसबाचा इतिहास

भिंगारचे नाव इतिहासग्रंथांत बहुधा दोन प्रसंगांच्या निमित्ताने येते. १४९० मध्ये मलिक अहमदने बहमनी फौजेचा येथे पराभव केला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पाया पक्का झाला. पुढे १७०७ मध्ये औरंगजेबाचा मृत्यू याच परिसरातील मुक्कामात झाला. विसाव्या शतकात या छावणीत जे घडले त्याची नोंद मात्र लष्करी कागदपत्रांबाहेर फारशी झाली नाही, आणि जी झाली तीही रणगाड्यांच्या तोफांविषयी आहे, त्यांच्या इंजिनांविषयी नव्हे.

नगरच्या, म्हणजे अहमदनगरच्या, या भिंगार छावणीत १९२१ मध्ये मशीनगन शिकवणारी शाळा आणि १९२४ मध्ये रॉयल टँक कोअरची शाळा सुरू झाली. फाळणीनंतर, १९४८ मध्ये, या परंपरेतील संस्था एकत्र येऊन आजचे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभे राहिले. लष्करी वाहनांची तपासणी करणारी, १९२९ मध्ये चकलाला येथे स्थापन झालेली संस्था १९४७ मध्ये नगरला आली आणि तिच्यातूनच पुढे वाहन संशोधन व विकास संस्था आकाराला आली. १९३८ पासून भारतीय रिसाल्यांचे घोडे काढून घेऊन त्यांच्या हाती मोटारी देण्यास प्रारंभ झाला, तेव्हा घोड्याचा लंगडेपणा चालीवरून ओळखणाऱ्या स्वारांना इंजिनाचा लंगडेपणा ओळखण्यास शिकवणे हे काम अशा शाळांवर आले.

हा लंगडेपणा म्हणजे मेकॅनिक ज्याला ‘मिसिंग’ म्हणतात तो दोष. पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला वेळेवर ठिणगी, योग्य प्रमाणात हवा-पेट्रोलचे मिश्रण आणि पुरेसा दाब, म्हणजेच ‘कॉम्प्रेशन’, या तिन्ही गोष्टी लागतात, आणि त्यांपैकी एक जरी चुकली तरी त्या सिलिंडरची पाळी वाया जाते. विलीज जीपच्या चार सिलिंडरांच्या इंजिनात एक सिलिंडर गप्प झाला की सारी गाडी हादरते, त्यामुळे दोष लपत नाही. परंतु सिलिंडर वाढत जातात तसा तो लपत जातो. जबलपूरला १९६९ पासून तयार झालेल्या जोंगा या लष्करी गाडीच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनात तोच दोष केवळ चढावर किंवा संथ चालीत जाणवतो. ब्रह्मदेशच्या मोहिमेत भारतीय रिसाल्यांनी वापरलेल्या शर्मन रणगाड्यांपैकी एम-४-ए-४ या प्रकारात तर क्रायस्लरने मोटारीची पाच इंजिने एकत्र जोडून तीस सिलिंडरांचे एक इंजिन बनवले होते. पाच कार्बोरेटर असलेल्या त्या यंत्रात एखादा सिलिंडर निकामी झाला, तरी उरलेले एकोणतीस त्याचे ओझे निमूटपणे वाहत.

सेंच्युरियन रणगाड्याने ही अडचण वेगळ्या प्रकारे वाढवली. त्याचे बारा सिलिंडरांचे मेटिअर इंजिन विमानाच्या मर्लिन इंजिनापासून घडवलेले होते आणि त्यात दोन मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी निर्माण करणारी दोन यंत्रे, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग पुरवीत असत. ही दुहेरी व्यवस्था सुरक्षिततेसाठी होती, पण तिच्यामुळे एक मॅग्नेटो बिघडला तरी इंजिन चालत राहते, म्हणून विमानतळावरची जुनी रीत येथेही लागू पडते : एकेक मॅग्नेटो बंद करून फेरे किती उतरतात ते पाहणे.

केवळ आवाज ऐकून दोष सांगणाऱ्या उस्तादांच्या आख्यायिका प्रत्येक गॅरेजात असतात आणि त्यांचे कौतुकही होते, परंतु कान फार तर दोष आहे एवढे सांगतो. तो कोठे आहे आणि का आहे, हे क्रमानेच शोधावे लागते. पहिली पायरी म्हणजे इंजिन सुरू ठेवून एकेका प्लगची वायर काढणे : वायर काढताच इंजिन खाली बसले तर तो सिलिंडर काम करत होता, आणि काहीच फरक पडला नाही तर आजारी सिलिंडर तोच. मग त्याचा प्लग दुसऱ्या सिलिंडरला लावून पाहतात. मिसिंग प्लगबरोबर सरकले तर खर्च एका प्लगचा. ते तेथेच राहिले तर प्लगच्या भोकात दाबमापक लावतात, आणि दाब कमी आढळल्यास चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा मोजतात. ऑइलने रिंगांभोवतीची फट भरून दाब वाढला तर रिंगा झिजलेल्या, न वाढल्यास व्हॉल्व्ह गळणारा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत दाब सारखाच पडलेला असेल तर संशय हेड गॅसकेटवर जातो. सायलेन्सरच्या तोंडाशी कागद धरून तो मधूनमधून आत ओढला जातो का हे पाहण्याची युक्तीही जळलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची खूण देते, आणि तिला कोणतेच मापक लागत नाही.

चिवट ठरतात ते दोष या क्रमात सहज न सापडणारे. सिलिंडरांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा बुश झिजला की ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटमधली फट प्रत्येक फेऱ्यात बदलते, त्यामुळे फिलर गेजने कितीही काटेकोर लावलेले पॉइंट इंजिन सुरू होताच बिघडतात. पॉइंटना जोडलेला कंडेन्सर सकाळी ठीक असतो आणि तापल्यावर दगा देतो. मॅनिफोल्डच्या गॅसकेटमधून इंजिन हवा घेत असेल तर कार्बोरेटर दहा वेळा उघडूनही उपयोग होत नाही. सांध्यावर थोडे ऑइल सोडून चाल सुधारते का, एवढेच पाहावे लागते. नगरची सुमारे ६५० मीटरची उंचीही यात थोडी भर घालते, कारण समुद्रसपाटीवर जुळवलेल्या कार्बोरेटरला येथे हवा सहा-सात टक्क्यांनी विरळ मिळते आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण किंचित वाढून प्लग काळे पडू लागतात.

या यादीत एका दोषाची भर गॅरेजाबाहेरून पडली. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले, आणि आरोग्याच्या दृष्टीने तो निर्णय निर्विवादपणे योग्य होता. परंतु ज्या जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हची सीट वेगळ्या कठीण रिंगेची नसून ओतीव लोखंडातच कोरलेली होती, त्यांना पूर्वी पेट्रोलमधील शिशाचा थर झिजेपासून वाचवीत असे. तो थर गेल्यावर, विशेषतः जड ओझ्याखाली चालणाऱ्या इंजिनांत, एक्झॉस्टची सीट खचू लागते, टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्याशी ठेवलेली मोकळीक, हळूहळू मिटते आणि गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण बसेनासा होतो. टॅपेट जुळवले की गाडी सुरळीत चालते, काही महिन्यांनी मिसिंग परत येते, आणि प्लग, पॉइंट, कार्बोरेटर सारे निर्दोष ठरते. त्यावर टिकाऊ इलाज एकच : हेड, किंवा जीपसारख्या बाजूला व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनात ब्लॉक, लेथवाल्याकडे देऊन कठीण धातूच्या सीट रिंगा बसवून घेणे.