उतरत्या भावाचे दिवस

दिल्लीहून पूर्वेकडे निघून यमुना ओलांडली की थोड्याच अंतरावर गाझियाबाद लागते. मोगल दरबारातील मातब्बर सरदार गाजिउद्दीन याने १७४० साली हे गाव वसविले, त्याला आपले नाव दिले आणि तेथे १२० दालनांची एक सराई बांधली. वाटसरूच्या एका रात्रीच्या निवाऱ्यापासून ज्या गावाचा आरंभ झाला, त्याच्यापुढे पावणेतीनशे वर्षांनी निवाऱ्याचाच प्रश्न बिकट होऊन उभा राहिला, हा इतिहासाचा एक विलक्षण योगायोग म्हटला पाहिजे.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी इंदिरापुरम, वैशाली, राजनगर एक्स्टेन्शन या भागांत उंच इमारतींची रांगच्या रांग उठली. दिल्लीत नोकरी करणाऱ्या मध्यम स्थितीतील कुटुंबांनी नकाशा पाहून, आगाऊ पैसे भरून, घरे नोंदविली. भाव चढतच राहणार, असे सर्वांनीच गृहीत धरले होते. परंतु २०१३ नंतर मागणी मंदावली, भाव थबकले आणि राजधानीच्या परिसरातील अनेक बांधकामे अर्ध्यावर थांबली. राहत्या घराचे भाडे आणि न मिळालेल्या घराचा हप्ता असा दुहेरी भार असंख्य संसारांवर पडला. अशा वेळी माणसाने धीर कशाच्या आधारावर धरावा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना दृष्टी मुंबईकडे वळते. कारण ज्या सुमारास गाजिउद्दीनच्या गावात पहिली आगगाडी आली, त्याच १८६४-६५ च्या काळात मुंबई याच अग्निदिव्यातून जात होती.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. आलेला पैसा जमिनीकडे धावला. आणि जमीन अपुरी पडताच समुद्र हटवून नवी जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. १८६५ च्या आरंभी शहरात ३१ बँका आणि ८ जमीन-कंपन्या होत्या. बॅक बे बुजविण्यासाठी निघालेल्या कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. ज्या भूमीवर घरे उठायची ती अद्याप पाण्याखाली होती, तरी तिची खरेदी-विक्री कागदावर दररोज होत होती. बँक ऑफ बॉम्बेसारखी प्रतिष्ठित पेढीही अशा शेअरांच्या तारणावर सढळ हाताने कर्जे देत होती.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपल्याची वार्ता आली आणि हा डोलारा कोसळला. १ जुलै हा वायद्यांचा हिशेब पुरा करण्याचा दिवस. त्या दिवशी देणे द्यायला कोणापाशीच पैसा नव्हता. दिवाळखोरीची प्रकरणे निकालात काढण्यासाठी त्याच साली सरकारला खास कायदा करावा लागला. बँक ऑफ बॉम्बेचा कारभार १८६८ साली गुंडाळला गेला. शिरगणतीचे आकडे अधिक बोलके आहेत. १८६४ मध्ये मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती, ती १८७२ मध्ये ६,४४,४०५ भरली. जुन्या आकड्यापलीकडे शहर गेले ते थेट १८९१ साली. मंदी ओसरते हे खरे. पण ती किती वर्षे घेईल याचा पंचांगात मुहूर्त नसतो, हेही तितकेच खरे.

तथापि कोसळले ते भाव. शहर कोसळले नाही. बॅक बेची जी चिंचोळी पट्टी भरून झाली होती, तिच्यावरून पुढे कुलाब्याकडे लोहमार्ग गेला. बंदरालगतची कंपनीची जमीन सरकारने विकत घेतली आणि १८७३ साली स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टचा ती पाया ठरली. प्रेमचंद रायचंद हे या सट्ट्याचे अग्रणी. त्यांचे ऐश्वर्य लयाला गेले. परंतु भरभराटीच्या दिवसांत त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा १८७८ साली पुरे झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचीही संपत्ती या लाटेत गेली. तरी प्राचीन लेखांचे वाचन आणि कुष्ठरोगावरील औषधाचा शोध त्यांनी सोडला नाही. ज्या संग्रहालयासाठी ते झटले, त्याची पायाभरणी १८६२ ची. वर्गणी आटल्यामुळे ते काम रखडले, अखेर सरकारने हाती घेतले आणि १८७२ मध्ये त्याचे दार उघडले. आज त्या वास्तूला त्यांचेच नाव आहे.

गाझियाबादच्या कहाणीतही असाच धागा दिसतो. हताश न होता खरेदीदार एकत्र आले, न्यायालयांत गेले. २०१६ साली संसदेने स्थावर संपदेचा कायदा केला. ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्याच बांधकामासाठी वेगळ्या खात्यात ठेवणे त्याने बंधनकारक केले. २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्यात घर घेणाऱ्यांना वित्तीय धनकोंचे स्थान मिळाले. २०१९ मध्ये रखडलेल्या घरांसाठी २५,००० कोटी रुपयांच्या निधीची घोषणा झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये साहिबाबादहून दुहाईपर्यंत जलद प्रादेशिक रेल्वे धावू लागली आणि या परिसरातील घरांचे भाव पुन्हा चढले. या साऱ्याने प्रत्येकाचे दुःख निवारले असे नाही. कित्येकांची वर्षे गेली ती गेलीच.

म्हणून आशावाद म्हणजे उद्या भाव चढेल अशी वाट पाहणे नव्हे. १८६५ मध्ये बुडाले त्यांतले पुष्कळजण याच अर्थाने मोठे आशावादी होते. पेलवेल तेवढेच ऋण काढणे, घराची किंमत बाजाराच्या दरापेक्षा त्यातील वास्तव्याने मोजणे आणि रखडलेले काम पुरे होईपर्यंत त्याचा पाठपुरावा करणे, यातच खरा समतोल आहे. भायखळ्याच्या त्या संग्रहालयाची पायाभरणी तेजीतली आणि उद्घाटन मंदीनंतरचे. मधली दहा वर्षे कोणीतरी ते काम टाकून दिले नाही, म्हणूनच ती वास्तू आज उभी आहे.