फोटोत चेहरे आहेत, नावं कुठायत?

वारंगा फाट्यावर खिचडी खात, एसटीची वाट बघत ऐकताय ना? मग मोबाईलवर मुंबईच्या अलेक्झांड्रा डॉकचे पहिल्या महायुद्धातले फोटो शोधा. धक्क्याला लागलेली जहाजं, आत चढणारे सैनिक. ही गोदी १९१४ सालीच सुरू झाली.

त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड मुंबईहून निघाली. तिच्यात ११७वी मराठा पलटण होती. पुढे इराकमध्ये कुत गावात ती वेढ्यात अडकली. अन्न संपलं आणि २९ एप्रिल १९१६ ला सगळी फौज शरण गेली. कितीतरी शिपाई नंतर कैदेत मेले.

आता आजचा फोटो बघा. गोदी तीच, पण नाव इंदिरा डॉक. सैनिक उभे राहायचे तिथून आता परदेशी मोटारी रवाना होतात.

तिकडे बसऱ्याला मोठं स्मारक आहे. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरलीत. साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा. म्हणजे फोटोत चेहरे आहेत, नावं नाहीत. स्मारकावर तर दोन्ही नाहीत.

तुमच्या घरी पेटीत एखादं जुनं पदक आहे? आजीला विचारा, कुणाचं ते. नाव आजच लिहून ठेवा.